समांतर रेषा व छेदिका यांची हलती प्रतिकृती : वापरानंतरचा अभिप्राय

शालेय भूमितीसाठी मिळणाऱ्या शैक्षणिक साहित्यात समांतर रेषा व छेदिका (दोन रेषांना दोन भिन्न बिंदूंत छेदणारी तिसरी रेषा) यांची प्रतिकृती हमखास असते. त्यांपैकी बऱ्याच प्रतिकृतींत दोन पट्ट्या फळीवर समांतर स्थितीत पक्क्या बसवलेल्या असतात आणि तिसरी तेवढी फिरते. अशा रचनेत छेदिका कशीही फिरवली तरी संगत कोन, म्हणजे दोन्ही छेदनबिंदूंपाशी सारख्याच स्थानी येणारे कोन, समानच दिसतात. त्यामुळे संगत कोन म्हणजे समान मापांचे कोन अशी समजूत विद्यार्थ्यांच्या मनात घट्ट बसते आणि पुढे ती काढून टाकताना शिकवणाऱ्याची बरीच शक्ती खर्च होते. मी वापरत असलेल्या संचात वरची पट्टी सैल करून हवी तशी कलवता येते. ही एकच सोय मला इतकी मोलाची वाटते की, पुढे सांगितलेल्या सर्व उणिवा लक्षात घेऊनही हा संच घ्यावा असेच माझे मत आहे.

प्रथम रचना सांगतो. एका जाड फळीवर ४० सेंटिमीटर लांबीची पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पट्टी आडवी पक्की बसवलेली आहे आणि तिच्या मध्यावर छेदिकेची पट्टी एका पितळी खिळीभोवती फिरते. वरची पट्टी दोन समान लांबीच्या भुजांनी खालच्या पट्टीला जोडलेली असल्याने ती वरखाली केली तरी समांतरच राहते. दोन पट्ट्यांमधील अंतर ८ ते १५ सेंटिमीटर एवढे ठेवता येते. छेदिका आणि वरची पट्टी या दोघींत लांब खाच आहे व त्या खाचांतून सरकणाऱ्या खिळीवर दुसरा छेदनबिंदू बसतो. दोन्ही छेदनबिंदूंवर ४ सेंटिमीटर त्रिज्येची पारदर्शक कोनमापक चकती आहे, आणि वरच्या चकतीची शून्याची रेषा त्या पट्टीच्या रेषेवरून ढळणार नाही अशी तिची बैठक चौकोनी केलेली आहे. वरच्या पट्टीच्या मध्यावरचा स्क्रू सैल केला की ती भुजांपासून सुटी होऊन दोन्ही बाजूंना १५ अंशांपर्यंत कलते.

समांतर भुजांची ही जोडणी म्हणजे सागरी नकाशांवर दिशा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जोडपट्टीचीच रचना आहे. चौकोनाच्या संमुख बाजू समान असल्या की तो समांतरभुज असतो, आणि या विधानाची सिद्धता कर्ण काढून, त्या कर्णाला छेदिका मानून, व्युत्क्रम कोनांच्या, म्हणजे दोन छेदनबिंदूंपाशी छेदिकेच्या विरुद्ध बाजूंना होणाऱ्या कोनांच्या, आधारेच दिली जाते. म्हणजे विद्यार्थ्याला जे शिकवायचे आहे तेच तत्त्व या उपकरणाच्या सांध्यांत आधीपासून काम करत असते. सोबतच्या पुस्तिकेत याचा उल्लेखही नाही, ही मोठी संधी वाया गेली आहे.

कोनांना नावे देण्याची पद्धत मात्र विचारपूर्वक ठरवलेली आहे. वरच्या छेदनबिंदूपाशी डावीकडच्या वरच्या कोनापासून सुरुवात करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने क, ख, ग, घ आणि खालच्या छेदनबिंदूपाशी त्याच क्रमाने प, फ, ब, भ अशी अक्षरे कोरलेली आहेत. क आणि प एका रंगाचे, ख आणि फ दुसऱ्या रंगाचे, अशा चार रंगांत चार संगत जोड्या दाखवल्या आहेत. बाजारातील अनेक तक्त्यांत सर्व लघुकोनांना एक रंग आणि सर्व विशालकोनांना दुसरा रंग देतात. तेथे उत्तर रंगातूनच कळते आणि विचार करायला काही उरत नाही. येथे रंग स्थान सांगतो, माप सांगत नाही. छेदिकेच्या कोणत्या बाजूला आणि रेषेच्या वर की खाली, एवढ्यावरून संगत कोन ठरतात. रेषा समांतर असोत वा नसोत, क आणि प हे संगत कोनच राहतात. त्याचप्रमाणे घ आणि फ, तसेच ग आणि प हे आंतरव्युत्क्रम कोन, क आणि ब, तसेच ख आणि भ हे बाह्यव्युत्क्रम कोन, तर घ आणि प, तसेच ग आणि फ या छेदिकेच्या एकाच बाजूच्या आंतरकोनांच्या जोड्या. दोन रेषांना तिसरी रेषा दोन भिन्न बिंदूंत छेदते एवढ्यानेच ही सारी नावे लागू होतात. समांतरता आली की त्या जोड्यांमध्ये मापांचे नाते निर्माण होते, हा पुढचा टप्पा.

हा फरक वरच्या पट्टीने किती स्पष्ट होतो ते सांगायलाच हवे. स्क्रू घट्ट असताना छेदिका ६० अंशांवर ठेवावी. ख, घ, फ आणि भ हे चारही कोन ६० अंशांचे दिसतात, तर उरलेले चार १२० अंशांचे. आता छेदिका न हलवता वरची पट्टी उजवीकडे थोडी खाली कलवावी. खालच्या छेदनबिंदूपाशी काहीही बदलत नाही. वरच्या छेदनबिंदूपाशी मात्र दोन कोन वाढतात आणि दोन घटतात. विरुद्ध कोन अजूनही समान असतात, रेषीय जोडीतील कोनांची बेरीज अजूनही १८० अंशच असते, कारण या दोन गोष्टींना समांतरतेची गरजच नसते. मोडते ते फक्त एका छेदनबिंदूला दुसऱ्याशी जोडणारे नाते. आठ कोनांतील कोणती नाती एकाच बिंदूपाशी घडतात आणि कोणती दोन बिंदूंमध्ये घडतात, हे एवढ्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे साधन मी पाहिलेले नाही. फळ्यावर हेच दाखवायचे तर दोन आकृत्या काढाव्या लागतात, आणि दोन आकृत्या म्हणजे विद्यार्थ्यांच्या दृष्टीने दोन वेगळी उदाहरणे असतात. येथे एकच आकृती डोळ्यांदेखत समांतर असण्यापासून समांतर नसण्यापर्यंत जाते.

याहून अधिक महत्त्वाचा प्रयोग एका अंशाचा आहे. पट्ट्यांमधील अंतर १५ सेंटिमीटर ठेवावे, छेदिका काटकोनात उभी करावी आणि वरची पट्टी उजवीकडे फक्त एक अंश खाली कलवावी. पट्टीचे टोक मूळ जागेपासून जेमतेम साडेतीन मिलिमीटर सरकते. दुरून पाहणाऱ्याला दोन्ही पट्ट्या समांतरच वाटतात. परंतु उजवीकडचे आंतरकोन आता ८९ आणि ९० अंशांचे आहेत, त्यांची बेरीज १७९ अंश भरते, आणि या रेषा वाढवल्या तर छेदिकेपासून सुमारे ८.६ मीटर अंतरावर एकमेकींना मिळतात. दोन रेषांना छेदणाऱ्या रेषेच्या एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी असेल, तर त्या रेषा अमर्याद वाढवल्या असता त्याच बाजूला मिळतात, हे प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडचे पाचवे गृहीतक होय. ते येथे हाताने करून पाहता येते. अंतर ८ सेंटिमीटर आणि कल १५ अंश ठेवला तर छेदनबिंदू सुमारे ३० सेंटिमीटरवर येतो. पट्टी मध्यापासून २० सेंटिमीटरवर संपत असल्याने तो फळीवर दिसत नाही, पण दोन्ही पट्ट्यांवरील कोरीव रेषांच्या दिशेने दोरे ताणले की टेबलावर नेमका सापडतो. कल कमी करत गेले की तो बिंदू दूर दूर सरकतो आणि कल शून्य झाला की राहतच नाही. कोनांची बेरीज १८० अंश असणे आणि रेषा न मिळणे या दोन गोष्टींचा संबंध विद्यार्थ्यांना येथे प्रथमच प्रत्यक्ष जाणवतो.

संचात एक पारदर्शक कागदही दिलेला आहे आणि त्याचे काम वाटते त्याहून मोठे आहे. खालच्या छेदनबिंदूपाशी तो ठेवून तेथील चारही कोन त्यावर उमटवून घ्यावेत आणि कागद न फिरवता छेदिकेवरून वर सरकवत न्यावा. वरच्या छेदनबिंदूवर तो पोहोचला की पट्ट्या समांतर असल्यास प हा क वर, फ हा ख वर, असे चारही कोन तंतोतंत बसतात. संगत कोनांची एकरूपता म्हणजे छेदिकेच्या दिशेने केलेले सरळ स्थानांतर, हे येथे शब्दांवाचून कळते. त्यानंतर दोन छेदनबिंदूंना जोडणाऱ्या रेखाच्या मध्यबिंदूवर टाचणी रोवून पूर्ण आकृती उमटवलेला कागद अर्धा फेरा फिरवावा. घ च्या जागी फ येतो, ग च्या जागी प येतो, आणि बाह्यव्युत्क्रम कोनही आपापल्या जागा बदलतात. पट्टी कलती असेल तर फिरवलेल्या रेषा मूळ रेषांवर बसतच नाहीत. व्युत्क्रम कोन ओळखण्यासाठी इंग्रजी झेड अक्षराचा आकार शोधायची सवय अनेकांना लावली जाते, पुस्तिकाही तीच लावते, आणि आकृती तिरकी किंवा गर्दीची झाली की ती सवय दगा देते. मध्यबिंदूभोवती अर्धा फेरा ही कसोटी आकृती कशीही फिरलेली असली तरी टिकते. कागद फार पातळ असून लवकर चुरगळतो, म्हणून जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा कापून वापरावा.

आता मापनाच्या अचूकतेविषयी. चकत्यांवर एक अंशाच्या खुणा आहेत आणि छपाई स्वच्छ आहे. अडचण खाचेत आहे. खिळी आणि खाच यांच्यात सुमारे एक मिलिमीटर मोकळीक असल्याने छेदिकेवरील कोरीव रेषा वरच्या चकतीच्या केंद्रातूनच जाईल याची खात्री राहत नाही. चकतीची त्रिज्या ४ सेंटिमीटर असल्यामुळे केंद्रापासून रेषा एक मिलिमीटर सरकली की चकतीच्या कडेवरचे वाचन जवळजवळ दीड अंशाने चुकते. खाली ६० आणि वर साडेअठ्ठावन्न असे वाचन आले की विद्यार्थी संगत कोन 'जवळपास समान' असतात असे म्हणू लागतात, आणि भूमितीत हे उत्तर चालवून घेता येत नाही. यावर उपाय त्याच चकतीवर आहे. रेषा केंद्रापासून बाजूला गेल्यामुळे एका टोकाचे वाचन जेवढे कमी होते, तेवढेच समोरच्या टोकाचे वाढते. म्हणून ख आणि त्याचा विरुद्ध कोन घ असे दोन्ही वाचून त्यांची सरासरी घेतली की ही चूक निघून जाते. भूमापनात कोन मोजणाऱ्या जुन्या थिओडोलाइट या उपकरणावर समोरासमोर दोन वाचनपट्ट्या असत, त्याचे कारण हेच. निर्मात्यांनी खाच अधिक नेमकी कापायला हवी हे खरेच, पण तोवर या दोषातूनही विरुद्ध कोनांचा एक उत्तम धडा देता येतो.

चकत्यांवरील अंक एकाच दिशेने वाढतात, त्यामुळे डावीकडचे कोन वाचताना वजाबाकी करावी लागते. लहान वर्गांत यामुळे गोंधळ होतो. तसेच पट्ट्यांमधील अंतर १५ सेंटिमीटर असताना छेदिका सुमारे ४० अंशांपेक्षा अधिक आडवी करता येत नाही, कारण वरच्या पट्टीची खाच मध्यापासून १८ सेंटिमीटरवर संपते. पट्ट्यांमधील अंतर ८ सेंटिमीटरवर आणले तर सुमारे २४ अंशांपर्यंत जाता येते, त्याखाली नाही. ही मर्यादा एरवी खटकली नसती, पण पुस्तिकेत प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसच्या पृथ्वीमापनाचा उपक्रम दिला आहे आणि तेथे ती आड येते. उन्हाळ्याच्या अयनदिनी माध्यान्ही इजिप्तमधील सायीनी (आजचे आस्वान) येथे सूर्य थेट डोक्यावर असताना अलेक्झांड्रियात तो ऊर्ध्वदिशेपासून वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा, म्हणजे ७.२ अंश, ढळलेला आढळला. सूर्यकिरण समांतर मानले आणि अलेक्झांड्रियातील उभी काठी पृथ्वीच्या केंद्रापर्यंत वाढवली की ती छेदिका होते, सायीनीचा किरण थेट केंद्राकडे जात असतो, आणि केंद्रापाशी होणारा कोन व्युत्क्रम कोन म्हणून तेवढाच भरतो. दोन शहरांमधील ५,००० स्टेडिया (लांबीचे प्राचीन ग्रीक एकक) अंतराला ५० ने गुणून परिघ २,५०,००० स्टेडिया आला. व्युत्क्रम कोनांचा याहून भव्य उपयोग शालेय पातळीवर क्वचितच सापडेल. उपक्रमाची निवड उत्तम आहे, पण ७.२ अंशांचा कोन या फळीवर होतच नाही, म्हणून ३० अंश घेऊन आणि ५० ऐवजी १२ ने गुणून तोच तर्क समजावून द्यावा लागतो.

पुस्तिकेविषयी माझी तक्रार गंभीर आहे. पहिल्याच पानावर 'छेदिकेमुळे होणारे संगत कोन समान असतात' असे विधान आहे. त्यात 'दोन समांतर रेषांच्या' हे शब्द नाहीत. ज्या संचाचे सारे सामर्थ्य पट्टी कलवण्यात आहे, त्याच्याच पुस्तिकेने ही अट गाळावी हे समजण्यापलीकडचे आहे. पुढे प्रमेय आणि कसोटी यांची सरमिसळ केलेली आढळते. रेषा समांतर आहेत म्हणून व्युत्क्रम कोन समान आहेत, हा गुणधर्म. व्युत्क्रम कोन समान आहेत म्हणून रेषा समांतर आहेत, ही कसोटी. ही दोन विधाने एकमेकांचे व्यत्यास आहेत आणि त्यांची सिद्धता वेगवेगळी आहे. युक्लिडने कसोट्या आपल्या 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकाच्या २७ व्या व २८ व्या प्रमेयांत दिल्या, आणि तोवर त्याला पाचव्या गृहीतकाची गरज पडली नाही. व्युत्क्रम कोन समान असूनही रेषा एका बाजूला मिळतात असे मानले तर जो त्रिकोण तयार होतो, त्याचा बाह्यकोन दूरस्थ आंतरकोनाएवढा ठरतो आणि तसे होऊ शकत नाही, एवढ्यावरच २७ वे प्रमेय सिद्ध होते. पाचवे गृहीतक प्रथम कामी येते ते २९ व्या प्रमेयात, जेथे समांतरतेवरून कोनांची समानता काढायची असते. पुस्तिका लिहिणाऱ्यांनी हा क्रम पाळला असता तर याच फळीवर दोन्ही दिशा स्वतंत्रपणे दाखवता आल्या असत्या. गुण्या पट्टीला टेकवून सरकवत समांतर रेषा काढण्याची ओळखीची रचनाही संगत कोन कसोटीवरच उभी आहे, आणि तिचा उल्लेखही कोठे नाही. पुस्तिका बाजूला ठेवून संच वापरावा असेच सांगावे लागते.

जिओजेब्रासारख्या विनामूल्य मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर हे सर्व करता येत असताना फळीवरचा संच कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. पडद्यावर खाचेची मोकळीक नसते, ७.२ अंशांचा कोन सहज होतो आणि रेषा कितीही लांब वाढवता येतात. ज्यांच्याकडे ती सोय आहे त्यांनी ती जरूर वापरावी. पण तेथे कोनाचे माप यंत्र सांगते. येथे ते विद्यार्थी स्वतः वाचतो, वाचनात फरक पडला तर त्याचे कारण शोधतो, आणि मोजून दिसलेली समानता व सिद्ध केलेली समानता यांत अंतर आहे हे त्याला आपोआप जाणवते. सिद्धतेची गरज निर्माण करण्याच्या बाबतीत मला ही फळी पडद्यापेक्षा सरस वाटली.

संचासोबत दुसरी छेदिका स्वतंत्र जोड म्हणून मिळते आणि ती घेतल्याशिवाय राहू नये. ती वरच्याच खिळीवर बसते, त्यामुळे दोन छेदिका आणि खालची पट्टी मिळून त्रिकोण तयार होतो. वरच्या पट्टीपाशी तीन कोन शेजारी शेजारी येतात. त्यांतील बाजूचे दोन हे त्रिकोणाच्या पायाकडील कोनांचे व्युत्क्रम कोन, मधला हा शिरःकोन, आणि तिघे मिळून सरळ कोन करतात. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश का, याचे उत्तर एका नजरेत मिळते. मग खिळी वरच्या पट्टीच्या मध्यावर असताना ती पट्टी कलवावी. व्युत्क्रम कोनांची समानता मोडते, पण त्रिकोण जसाच्या तसा राहतो. बेरीज अजूनही १८० अंशच असते. वर्गात येथे हमखास वाद होतो : समानता मोडली, मग बेरीज का मोडली नाही? त्रिकोण तयार करण्यात वरच्या पट्टीचा वाटाच नाही, ती केवळ सिद्धतेसाठी काढलेली साहाय्यक रेषा आहे, आणि ती समांतर काढली तरच सिद्धतेच्या कामी येते, हे चर्चेतून विद्यार्थी स्वतःच सांगतात. साहाय्यक रेषा म्हणजे काय हे एरवी पाठ करून घेतले जाते. ते असे हाताळायला मिळणे दुर्मीळ आहे.

घेताना वरच्या पट्टीचा मधला स्क्रू दोनतीनदा सैल-घट्ट करून पाहावा, कारण तो नीट आवळला गेला नाही तर पट्टी आपोआप कलते. भुजांची लांबीही मोजून घ्यावी, कारण त्या समान नसतील तर संचाचा पायाच चुकतो. आठवी-नववीच्या वर्गांसाठी चार-पाच विद्यार्थ्यांमागे एक संच पुरेसा होतो. संपूर्ण वर्गाला समोरून दाखवण्यासाठी मात्र चकत्या लहान पडतात आणि मागच्या बाकांवरून अंक वाचता येत नाहीत.